डाव्या हाताचा घास

जेवायच्या वेळेला कानिफनाथच्या घराचं दार बंद व्हायचं, आणि वाडीला त्याची मोठी मौज वाटायची. दुपार असो की तिन्हीसांज, बायडाबाई ताट वाढायची, नवऱ्याला आत घ्यायची आणि कडी घालायची. लग्नाला अठरा वर्षं झाली, पोरगी दहावीला गेली आणि ह्यांना आत्ता कुठं दार लावायची हौस आलीय, असं बाया हापशावर बोलायच्या. शेजारची म्हातारी साळूबाई तर तोंडावर विचारायची, "बायडे, तुज्या भाकरीला नजर लागती का गं?" बायडाबाई पदर तोंडाला लावून हसायची. हसून वेळ मारून न्यायला ती माघापासून शिकली होती.

आत काय चालायचं ते असं. कानिफनाथ भिंतीला पाठ लावून बसायचा. बायडाबाई बाजरीची भाकरी आमटीत कुस्करायची, घास करायची आणि त्याच्या तोंडात घालायची. त्याचा उजवा हात मांडीवर पडलेला असायचा. हात ऊन होता, नखं वाढत होती, पण खांद्यापासून खाली त्यात जीव नव्हता. माघात, उसाच्या तोडीवर, मोळी डोक्यावर घेऊन तो ट्रकला लावलेल्या फळीवरून चढत होता. फळी दवानं ओली होती. पाय सटकला, मान आणि खांदा जमिनीवर आणि वरून मोळी. हाड बसलं, शिरा बसल्या नाहीत. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं हलायचं, तेही मनात आलं तर.

डावा हात धडधाकट होता. मग डाव्या हातानं का जेवत नाही, असं कुणी विचारील. विचारणारा आमच्याकडचा नसावा. परसाकडं जाऊन आल्यावर ज्या हातानं धुवायचं, त्याच हातानं भाकरी मोडायची? लहानपणी एकदा डावा हात ताटात घातला म्हणून कानिफनाथच्या आईनं त्याच्या बोटांवर उलथणं मारलं होतं. मढीच्या नाथाला नवस बोलून झालेला एकुलता एक पोरगा, तरी मारलं होतं. बायडाबाईनं चमचा आणून दिला, तर आमटी सदऱ्यावर सांडली आणि त्यानं चमचा कोपऱ्यात भिरकावला. "मी काय खाटंवरचा पेशंट हाय का?" दवाखान्यातून घरी आल्यावर दोन दिवस तो जेवलाच नाही. तिसऱ्या दिवशी तिनं पोरीला पाण्याला पाठवलं, दार लावलं आणि घास त्याच्या तोंडापुढं धरला.

"उघडा तोंड."

त्यानं उघडलं. त्या दिवशी तो रडला, ती रडली नाही.

"बायडे, ह्यातलं अक्षर भाईर जाता कामा न्हाई. पंकीला सुदिक न्हाई. घे शपथ."

"घेतली की."

"कुनाची?"

"नाथाची. खा आता, गार व्हतंय."

पंकजाला सांगितलं होतं की पप्पांच्या हाताला तेल चोळायचं असतं, सदरा काढावा लागतो. पोरगी शहाणी, जास्त विचारायची नाही.

खरं सांगायचं तर बायडाबाईला ती दहा मिनिटं आवडायला लागली होती. अठरा वर्षं दोघांनी मिळून एक कोयता केला, तोडीवर नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात. तो तोडायचा, ती मोळ्या बांधायची. तो चढवायचा, ती हाताखाली द्यायची. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत एकमेकांची पाठच दिसायची. समोरासमोर बसून, दार लावून, दोघंच असं कधी नव्हतं. आणि एरवी मुका झालेला कानिफनाथ त्या दहा मिनिटांत बोलायचा. कुठल्या सालच्या फडात नाग निघाला होता, पंकजा फडाशेजारच्या कोपीत जन्मली त्या सकाळी केवढं धुकं होतं, असलं काहीबाही. तोंडात घास असतानाच बोलायचा. ती म्हणायची, "आदी गिळा."

पोळा झाला आणि निराधार योजनेच्या महिन्याच्या पैशांसाठी केलेल्या अर्जावर तालुक्याचं पत्र आलं.

पत्र वाचून दाखवलं वाल्मिकनं. फाट्यावर त्याचं ऑनलाईन अर्जांचं दुकान होतं. लहानपणी पोलिओनं त्याचा एक पाय वाळला होता. तीन चाकांच्या स्कुटीवरून हिंडायचा आणि अख्ख्या पंचक्रोशीतल्या लंगड्या-पांगळ्यांना आपली भावकी समजायचा.

"निराधारचा पगार नामंजूर," तो म्हणाला. "दिव्यांगत्व चाळीस टक्क्याच्या खाली. अपात्र."

"म्हंजी?" बायडाबाईनं विचारलं.

"म्हंजी सर्टिफिकिटावर पस्तीस टक्के लिवलंय. पाच टक्के हात जास्त चांगला हाय काकांचा." वाल्मिकनं कानिफनाथकडं पाहिलं. "काका, खरं सांगा, तपासनीच्या शिबिरात काय केलं तुमी?"

कानिफनाथ दुकानाबाहेरच्या बाभळीकडं पाहत राहिला.

त्यानं काय केलं होतं ते बायडाबाईला ठाऊक होतं. शिबिराच्या दिवशी ती बाहेर रांगेत होती, पण ती कला तो घरी उन्हाळाभर शिकत होता. खांद्याला झटका द्यायचा, की हात दोरीला बांधलेल्या बादलीसारखा वर यायचा. छातीपर्यंत आला की दोन बोटांनी सदऱ्याचं बटण पकडायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, ह्यानं हात उचलला. तोडीला टोळी नेणारा मुकादम दसऱ्याच्या आधी माणसं बघायला येतो, त्याला दाखवायचं म्हणून ही तयारी होती. टेबलामागं बसलेला माणूस "काम जमंल का?" असं विचारतो, तेव्हा "जमंल" म्हणायचं, एवढंच कानिफनाथ जन्मभर शिकला होता. अंगात ताप असला तरी जमंल, पाठ भरून आली तरी जमंल. न्हाई म्हणाला की कोयता गेला. शिबिरात डॉक्टरनं तोच प्रश्न विचारला. रांगेत दोनशे माणसं होती, डॉक्टर घाईत होता. कानिफनाथनं झटका दिला, बटण पकडलं आणि छाती काढून म्हणाला, "जमतंय की."

"तिथं मर्दानगी दाखवायची नसती, काका," वाल्मिक म्हणाला. "तिथं नापास व्हायला जायचं असतं. मी बघा, दर टायमाला पयल्या नंबरानं नापास."

बायडाबाईला हसू आलं. कानिफनाथला आलं नाही.

"मला निराधार म्हन्त्यात," तो म्हणाला. "बायको हाय, पोरगी हाय, घर हाय. कसला निराधार?"

"त्यो कागदाचा शब्द हाय, काका. फेरतपासनीचा अर्ज करू. नगरच्या मोठ्या दवाखान्यात बोर्ड बसतं बुधवारी. तीन-तीन डॉक्टर असत्यात. काकू, जेवायचं कसं करत्यात काका? तेच पयलं लिवतो मी. डॉक्टर लोक तेच इचारत्यात."

बायडाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याचा जबडा हलत होता.

"जेवत्यात की," ती म्हणाली. "त्यांचं त्यांच्या हातानं."

वाल्मिकची बोटं तशीच थांबली, मग दुसरंच काहीतरी टाईप करायला लागली.

आठवड्यानं मुकादम आला. बिभीषण वाईट माणूस नव्हता. कानिफनाथ पडला तेव्हा त्यानंच गाडी करून दवाखान्यात नेलं होतं. ओट्यावर बसला, पाणी प्याला, इकडचं तिकडचं बोलला. कानिफनाथ उभाच होता. बोलता बोलता त्यानं खांद्याला झटका दिला, हात वर आला, बोटांनी बटण धरलं.

"बग, बिभीषण. यायलाय जीव. कारखाना पेटस्तोवर समदा येईल. उसाचं वाडं तर बांदीनच मी."

बिभीषणनं त्या हाताकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. ओट्याच्या कडेला मुंग्यांची रांग चालली होती, तिच्याकडं बघत म्हणाला, "बघू की. घाई काय हाय."

हात फार वेळ राहिना. बटण सुटलं आणि हात मांडीवर आपटला. बायडाबाई चुलीपुढं होती, तिला तो आवाज आत ऐकू आला.

बिभीषण जायला निघाला तेव्हा ती त्याच्यामागं वाटेवरच्या बाभळीपर्यंत गेली.

"वैनी, तुमी एकल्या आल्या तर अर्धा कोयता," तो म्हणाला. "अर्ध्या कोयत्याला टोळीत कोन घेनार? पंकीला घ्या संगं. माय-लेकीचा एक कोयता व्हईल. भाऊबीजंच्या दुसऱ्या दिवशी गाडी भरायची. तवर सांगा."

"तिची धावी हाय."

"माज्या बी पोरीची व्हती," बिभीषण म्हणाला, आणि चपला ओढत गेला.

म्हणजे गोष्ट साधी होती. पगार मंजूर झाला, तर बायडाबाई गावातच लोकांच्या रानात जाऊन उरलेलं भागवणार आणि पोरगी शाळेत राहणार. नाही झाला, तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पोरगी ट्रकमध्ये. पंकजाला हे कुणी सांगितलं नव्हतं, पण ती हल्ली भूमितीच्या वहीला जास्तच छान कव्हर घालायला लागली होती.

बाजरी काढायला आली. बायडाबाई कारभारी पाटलाच्या रानात कणसं खुडायला जायला लागली. चौथ्या दिवशी कानिफनाथही निघाला. "घरी बसून काय करू? कनसं खुडायला काय लागतंय?" त्यानं डाव्या हातात विळा घेतला. पण कणीस धरायला एक हात लागतो आणि कापायला दुसरा. त्यानं बाजरीचं ताट काखेत दाबून पाहिलं, गुडघ्यात दाबून पाहिलं. विळा ठेवून नुसत्या हातानं पिरगळून पाहिलं, तर ताट मुळासकट उपटून आलं. बायांच्या पाती पुढं गेल्या. त्याची पात मागं एकटीच उभी राहिली. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

कारभारी पाटील बांधावरून म्हणाला, "कानिफा, तू आपला पाखरं हाकल. गोफन…" आणि त्याच्या लक्षात आलं, की गोफण फिरवायला एक हात पुरतो, पण तिच्यात दगड घालायला दुसरा लागतो. "नुसता वरड तू. वरडला तरी बास."

दिवसभर कानिफनाथ बांधावर उभा राहून ओरडला. घसा बसला. संध्याकाळी दाराआड बायडाबाईनं त्याला घास भरवला तेव्हा तो काही बोलला नाही.

"पानी देऊ?"

त्यानं मान हलवली. मग खरखरत्या आवाजात म्हणाला, "बायडे, तुजा हात लई खरबुडा झालाय गं. घास गोड लागतो, पर हात टोचतो."

"मंग सरकारला सांगा, मऊ हाताची बाई द्या म्हनावं."

तो हसला. त्याच्या मिशीला आमटी लागली होती, ती तिनं पदरानं पुसली.

मंगळवारी वाल्मिक घरी आला, तपासणीची तालीम घ्यायला. ओट्यावर खुर्ची टाकून डॉक्टर झाला.

"काम जमतं का?"

कानिफनाथचा खांदा हलला.

"काका, न्हाई म्हना. दोन अक्षरं हायती."

"न्हाई," कानिफनाथ पुटपुटला.

"मोठ्यानं. डॉक्टर म्हातारा असला तर?"

"न्हाई!" कानिफनाथ ओरडला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "न्हाई जमत, न्हाई जमत, झालं का समाधान?" आणि तो उठून घराच्या मागं गेला.

बुधवारी पहाटे तिघं एसटीत बसले. पाटीवर अहिल्यानगर लिहिलं होतं, कंडक्टर "नगर, नगर" म्हणून ओरडत होता. पंकजाला फायलीसाठी आणलं होतं, कोणता कागद कधी द्यायचा ते तिलाच कळायचं. बायडाबाईनं नवऱ्याला धुवून ठेवलेला पांढरा सदरा घातला होता. बटणं लावताना म्हणाली, "आज ह्या बटनाला हात लावायचा न्हाई. ध्यानात हाय ना?"

"हाय."

"पोरीकडं बघा, अन् न्हाई म्हना."

दवाखान्यात बारा वाजेपर्यंत बाकावर बसले. बाकावर सगळ्या जिल्ह्याचं तुटकंफुटकं गोळा झालं होतं. कुणी अकोले तालुक्यातून रात्रीच निघालेला, कुणी सोनईचा. शेजारच्या वाडीचा बन्सी होता, कडबा कापायच्या चाफकटरमध्ये गेलेला पंजा मफलरमध्ये गुंडाळून. त्यानं ओळख दिली. "कानिफशेट, तुमी कशाला? तुमचा तर हात दिसतोय की जाग्यावर." कानिफनाथला हे बोलणं आवडलं. तो ताठ बसला. बायडाबाईनं त्याच्या सदऱ्याच्या बटणाकडं पाहिलं.

नाव पुकारलं. आत तीन डॉक्टर होते, मधे एक बाई, चष्म्याची. दार उघडंच होतं आणि पुढचे चारपाच जण दारातच उभे होते, बन्सीसुद्धा. पंकजानं फाईल दिली आणि भिंतीशी उभी राहिली.

"काय करता तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"ऊसतोड."

"आता जमतं का काम?"

कानिफनाथनं पोरीकडं पाहिलं. मग टेबलाकडं पाहिलं. टेबलामागं माणूस होतं, हातात पेन होतं, समोर कागद होता.  तोंड उघडलं, ओठ 'न' वर आले. आणि खांद्याला झटका बसला. हात वर आला, बटण धरलं गेलं.

"जमतंय की," तो म्हणाला. "थोडं हळू व्हतं. पर जमतंय."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली आणि पेन कागदाला लावलं.

बायडाबाईनं ते पेन पाहिलं. पंकजाच्या पायातली स्लीपर पाहिली. अंगठ्याजवळ ती तारेनं बांधलेली होती. आणि मग ती जे बोलली ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

"मॅडम, खोटं बोलतोय त्यो."

अठरा वर्षांत तिनं नवऱ्याला चारचौघांत कधी 'त्यो' म्हटलं नव्हतं.

"त्यो उचलीत न्हाई हात, फेकतोय. बटन धरून ठुतो. सोडा म्हना बटन. त्याला नाडी बांदता येत न्हाई, मी बांदते. आंग चोळता येत न्हाई. झोपीत हात आंगाखाली गेला तर कळत न्हाई, सकाळी काळानिळा झालेला असतो."

"बायडे," कानिफनाथ म्हणाला.

"त्यो जेवत न्हाई, मॅडम. त्याच्या हातानं जेवत न्हाई. डाव्या हातानं घास घेत न्हाई, त्याला किळस येती. मी भरवते. लहान लेकरावानी भरवते, दार लावून, कडी घालून. आठ म्हयने झाले. लोकं हसत्यात आमाला. पोरीला सुदिक ठावं न्हाई. मी घास धरते तव्हा त्यो तोंड उघडतो."

ती थांबली.  दारातल्या बन्सीनं मान खाली घातली. भिंतीशी पंकजा बापाकडं नाही, आईकडं नाही, जमिनीकडं बघत होती.

बटण सुटलं आणि हात खाली आला.

डॉक्टरीणबाईंनी पेन ठेवलं. उठून टेबलाच्या ह्या बाजूला आल्या, खुर्ची ओढून कानिफनाथच्या पुढ्यात बसल्या आणि त्याचा हात आपल्या हातात घेतला. "डोळे मिटा, दादा. मी सुई टोचणार आहे. कळलं की सांगा."

त्यानं डोळे मिटले. 

"कळलं," तो म्हणाला.

बाईंनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं.

"कळलं," तो पुन्हा म्हणाला. "हितं. मनगटापाशी. आता बी कळलं."

"दादा," त्या हळूच म्हणाल्या, "मी अजून टोचलीच नाही."

मग त्यांनी टोचली. बोटाच्या टोकापासून दंडापर्यंत टोचत गेल्या. तो डोळे मिटून वाट पाहत राहिला आणि त्याला काही कळलं नाही.

येताना एसटीत तो पुढच्या एकट्या सीटवर जाऊन बसला. मायलेकी मागं बसल्या. करंजीच्या घाटात गाडी वळली तेव्हा पंकजा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, मी त्या टायमाला हापशावर मैत्रिणींसंगं हसायचे. दार लावायची तव्हा."

"तुला काय ठावं व्हतं, बाळा?"

"तेल चोळत्यात म्हनून सांगायचे मी त्यांना. त्या अजूनच हसायच्या. मंग मी बी."

बायडाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढं कानिफनाथचं डोकं गाडीच्या हेलकाव्यानं हलत होतं. तो वळून बघील असं तिला वाटत होतं. त्यानं वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर तिनं भाकरी टाकली, ताट वाढलं, पोरीला बाहेर बसवलं आणि कडी घातली. घास केला. तो त्याच्या तोंडापुढं धरला.

"चुकलं माजं. खा."

कानिफनाथ तिच्याकडं बघत होता. राग असता तर तिला सोसला असता. शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तरी चाललं असतं. तो अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघत होता.

"समद्यांम्होरं," तो म्हणाला. "लेकीम्होरं."

"लेकीसाठीच बोलले मी."

"ठावं हाय." तो उठला आणि डाव्या हातानं कडी काढली. "बरूबर केलंस तू. मी तुला चूक म्हनत न्हाई. पर तू नाथाची शपथ घेतलीवती."

रात्री तो उपाशीच निजला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायडाबाई रानातून आली तर कानिफनाथ ओट्यावर मांडी घालून बसला होता, रस्त्याकडं तोंड करून. पुढ्यात ताट होतं. त्यानं स्वतःच शिंक्यावरून भाकरी काढून घेतली होती. हापशावर बाया होत्या, साळूबाई घागर घेऊन समोरूनच येत होती. त्यानं डावा हात ताटात घातला. भाकरी मोडेना, म्हणून ती गुडघ्याखाली दाबली आणि तुकडा तोडला. आमटीत बुडवला, तोंडाकडं नेला. ओठापाशी हात थांबला. त्याला उमासा आला, सगळं अंग हललं. त्यानं डोळे मिटले आणि घास आत ढकलला.

साळूबाईची घागर डचमळली. तिनं पदर पुढं ओढला आणि बाजूनं निघून गेली. हापशावरच्या बायाही पाणी भरायला लागल्या, कुणी वर पाहिलं नाही. त्या दिवसापासून बायडाबाईच्या दारावरची चेष्टा बंद झाली. दारही बंद व्हायचं थांबलं.

नवं सर्टिफिकीट पंधरा दिवसांनी आलं. साठ टक्के. वाल्मिकनं फाईल परत तालुक्याला लावली, दोन खेटे स्वतःच्या स्कुटीवरून घातले, आणि वसुबारसेच्या दिवशी पेढ्याचा पुडा घेऊन दारात आला.

"मंजूर! काका, पयल्या नंबरानं नापास!"

पंकजा धावत बाहेर आली आणि तिथंच ओट्यावर बसून रडायला लागली. बायडाबाईनं पोरीला पोटाशी धरलं. कानिफनाथनं डावा हात पुढं केला, पेढा घेतला आणि तोंडात टाकला. उमासा आता येत नव्हता.

"लई उपकार झाले, वाल्मिक," तो म्हणाला. नम्रपणे म्हणाला. हल्ली तो सगळ्यांशी नम्रपणे बोलायचा, बायकोशीसुद्धा. घरात पाणी हवं असलं तर म्हणायचा, "जरा पानी मिळंल का?"

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आला. दुपारी वाडीतली बिऱ्हाडं भांडी, सरपण, कोंबड्या, पोरं घेऊन रस्त्याला लागली. कोयत्यांच्या पात्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या. बिभीषण ओट्यापाशी क्षणभर थांबला.

"पंकी कुढंय?"

"साळंत," बायडाबाई म्हणाली.

"झ्याक झालं," बिभीषण म्हणाला, आणि ते त्याच्या मनातून आलं होतं. मग कानिफनाथकडं वळला. "येतो, कानिफा."

कानिफनाथ ओट्यावर जेवायला बसला होता. त्यानं मान हलवली. खांद्याला झटका दिला नाही. उजवा हात मांडीशेजारी पडला होता आणि त्यावर माशी बसली होती. त्याला ते कळलं नव्हतं. बिऱ्हाडं समोरून जात होती आणि तो सगळ्यांदेखत डाव्या हातानं जेवत होता, न थांबता, पटापट, काम उरकावं तसा. आमटी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होती.

बायडाबाई दाराआड उभी होती. ताट वाढताना तिनं आज सवयीनं भाकरी कुस्करून ठेवली होती. ती त्यानं तशीच बाजूला सारली होती. तिनं उजवा हात धुतलेला होता, तो अजून ओलाच होता.

"आवो," ती म्हणाली, "धुरळा लई उडतोय ट्रकचा. आत बसता का? दार लावते वाटल्यास."

कानिफनाथनं तोंडातला घास गिळला. आता तो गिळूनच बोलायचा.

"कामून?" तो म्हणाला. "आता काय झाकायचं राह्यलंय?"

ट्रक सुरू झाला. बाया आरडल्या, पोरांनी हात हलवले, धुरळा ओट्यावर आला आणि ताटात बसला. कानिफनाथ जेवत राहिला. बायडाबाईचा हात कडीवर होता. तिनं कडी सोडली, आत जाऊन पाण्याचा तांब्या भरून आणला आणि त्याच्या डाव्या बाजूला ठेवला.